रोमुवा म्हणजे ‘युरोपातले हिंदू’ नव्हेत

लिथुआनियाबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘या छोट्या देशात वैदिक धर्म हजारो वर्षं अखंड चालू आहे. तिथली भाषा संस्कृतातून निघाली. रोमुवा पंथाचे लोक यज्ञ करतात, आपलेच देव पुजतात, आणि आता तिथल्या संसदेने हिंदू धर्माला मान्यता दिली आहे.’ रोमुवा म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या तिथल्या जुन्या बाल्ट धर्माचं आजचं पुनरुज्जीवन. त्याचं आणि आपल्या परंपरेचं नातं आहे, आणि ते जवळचं आहे. पण ते आई-लेकीचं नाही, चुलत बहिणींचं आहे. हा फरक सोडला की दोन्हीकडचं चुकीचं कळतं.

‘भाषा संस्कृतातून निघाली’

पुरावा म्हणून एक लिथुआनियन म्हण दिली जाते: ‘दिएवास दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस’. म्हणजे देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. शेजारी संस्कृत वाक्य असतं: ‘देवः अदात् दतः, देवः दास्यति धानाः’. एकेक शब्द खरोखर जुळतो. ‘दुओना’ (भाकरी) आणि ‘धाना’ (भाजलेलं धान्य) हेसुद्धा एकाच मुळाचे. पण हे संस्कृत वाक्य तुलनेसाठी जुळवलेलं आहे, ती संस्कृतातली प्रचलित म्हण नव्हे. आपल्याकडे दात आणि दाणे एकत्र येतात ते दात आहेत तर चणे नाहीत यात, आणि तिचा रोख अगदी उलटा आहे.

संस्कृत ही मूळ भाषा नाही, हे आकड्यांवरूनच दिसतं. चारला संस्कृतात ‘चत्वारः’, लिथुआनियनमध्ये ‘केतुरी’. पाचला ‘पञ्च’ आणि ‘पेंकी’. लॅटिनमध्येही चारची सुरुवात ‘क्व’ने होते. जुना ‘क’ पुढे आलेल्या ‘ए’मुळे संस्कृतात ‘च’ झाला, मग तो ‘ए’ही ‘अ’ झाला. लिथुआनियनने ‘क’ आणि ‘ए’ दोन्ही राखले. लिथुआनियन संस्कृतातून आली असती, तर ‘च’चा पुन्हा ‘क’ होऊन त्यापुढे नेमका जुना ‘ए’ परतला, असं मानावं लागलं असतं. तसं होत नाही. दोघींची आई वेगळी आणि अधिक जुनी.

‘परंपरा अखंड आहे’

लिथुआनियाने 1387 मध्ये राज्य म्हणून ख्रिस्ती धर्म स्वीकारला. झेमाइतिया हा पश्चिमेकडचा भाग 1413 पासून बाप्तिस्म्याखाली आला. पवित्र अग्नी विझवले गेले, देवराया तोडल्या गेल्या. त्याआधी थोडीच वर्षं, 1377 मध्ये, महाराजा आल्गिर्दास यांचं दहन 18 घोड्यांसह झालं होतं. पुरोहितांची परंपरा तुटली. टिकलं ते घरात आणि शेतात: चुलीचे नेम, पहिल्या घोटाआधी जमिनीवर सांडायची बिअर, आणि गाणी. 1547 मध्ये छापलेल्या पहिल्याच लिथुआनियन पुस्तकात, जी एक ख्रिस्ती प्रश्नोत्तरी आहे, जुनी दैवतं सोडून द्या असं लोकांना सांगावं लागलं आहे.

आजचा रोमुवा उभा राहिला तो 1967 पासून. सोव्हिएत राजवटीत लोकगीतं जमवणाऱ्या तरुणांनी केर्नावे गावाच्या टेकड्यांवर उत्तरायणान्ताचा, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवसाचा, ‘रासोस’ उत्सव मांडला. चारेक वर्षांतच सरकारने त्यांची संघटना मोडली. त्यांचे अध्वर्यू योनास त्रिंकूनास यांची विद्यापीठातली नोकरी 1973 मध्ये गेली. ‘अखंड’ म्हटलं की या माणसांनी सोसलेलं सगळं पुसलं जातं. आणखी एक गोष्ट: विदूनास (1868–1953) या थिऑसॉफिस्ट (सगळ्या धर्मांचं गूढ सार एकच मानणाऱ्या) लेखकावर भारतीय दर्शनांचा मोठा प्रभाव होता, आणि पुढच्या पुनरुज्जीवनावर त्यांचा. त्यामुळे आज दिसणारं प्रत्येक साम्य पुरातनच असेल असं नाही.

‘ते यज्ञ करतात’

अग्नी आहे, यज्ञ नाही. ‘उग्निस’ आणि ‘अग्नि’ एकाच मुळाचे शब्द, पण विधी निराळे. रोमुवाची वेदी म्हणजे ‘आउकुरास’, रचलेल्या दगडांवर पेटवलेला उघडा अग्नी. लोक हात धुऊन भोवती गोल उभे राहतात. अग्नीत मीठ, धान्य, भाकरीचा तुकडा जातो. बिअर किंवा मधाची मदिरा आधी भूमिदेवी झेमीनासाठी जमिनीवर ओततात, मग भांडं हातोहात फिरतं. 17व्या शतकात नोंदलेली तिची प्रार्थना साधी आहे: फुलं उमलवणाऱ्या झेमीने, राई, गहू, जव, सगळं धान्य फुलव.

घरच्या अग्नीची देवी गाबिया. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, त्याला ‘गाबियाला निजवणं’ म्हणतात. तिला अंघोळीला शेजारी स्वच्छ पाण्याचं भांडं ठेवायचं. मीठ टाकताना ‘पवित्र गाबिया, तृप्त हो’ म्हणायचं. अग्नीवर थुंकायचं नाही, त्याला पायाने तुडवायचं नाही. ती रागावली तर ‘फिरायला निघते’, म्हणजे घराला आग लागते.

श्रौत, म्हणजे वेदांत सांगितलेल्या, यज्ञात पाठ ठरलेला, स्वर ठरलेला, आहुतीचं द्रव्य आणि क्रम ठरलेला. एक अक्षर हलू नये म्हणून क्रम, जटा, घन असे शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचे पाठ बांधले. इकडे मंत्रसंहिता नाहीच, गाणी आहेत. त्यातल्या ‘सुतार्तिनेस’मध्ये बायकांचे दोन-तीन आवाज एकमेकांना लगटून, जवळजवळच्या स्वरांवर मुद्दाम घासत चालतात. आपल्या कानाला ते आधी बेसूर वाटतं, मग घंटा वाजल्यासारखं. युनेस्कोने 2010 मध्ये त्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सामवेदाच्या गायनाशी त्यांची तुलनाच होत नाही.

‘देव तेच आहेत’

‘दिएवास’ आणि ‘देव’ एकाच मुळाचे, यात वाद नाही. मेघगर्जनेचा देव पेर्कूनास याचं काम इंद्राच्या जवळचं, पण नावाचा पर्जन्य या वैदिक देवाशी जोडलेला संबंध ध्वनिनियमांत नीट बसत नाही.

सूर्याचं उदाहरण बघा. तिथे साउले, म्हणजे सूर्य, ही बाई आहे आणि चंद्र तिचा नवरा. 1825 च्या गीतसंग्रहातलं एक गाणं सांगतं की लग्नानंतर चंद्र तिला सोडून पहाटताऱ्याच्या, आउश्रिनेच्या, मागे लागला, आणि पेर्कूनासने त्याला तलवारीने कापलं. आपला सूर्य पुरुष, आणि चंद्र झिजतो तो दक्षाच्या शापाने. म्हणजे देव ‘तेच’ नाहीत. पण ऋग्वेदाच्या 10.85 या विवाहसूक्तात सूर्या ही सूर्यकन्या सोमाला दिली जाते आणि अश्विनीकुमार तिला मागायला येतात. पुढे सोम म्हणजे चंद्र. याच सूक्तातले मंत्र आजही लग्नात म्हटले जातात. खरा जुना धागा इथे आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमका हाच नसतो.

‘रासोस’ उत्सवाची रासलीलेशी जोडलेली सोयरीक खोटी. ‘रासा’ म्हणजे दव. नातं आहे ते ‘रस’शी, ‘रास’शी नव्हे.

‘संसदेने हिंदू धर्माला मान्यता दिली’

1995 च्या कायद्याने नऊ धर्मसमुदाय ‘पारंपरिक’ ठरवले. त्यात कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ज्यू, सुन्नी, कराईम (ज्यू परंपरेतून निघालेला छोटा समुदाय) हेसुद्धा आले, रोमुवा मात्र नाही. बाकीच्यांना पहिल्या नोंदणीनंतर 25 वर्षांनी मान्यता मागता येते. रोमुवाची नोंदणी 1992 ची. 2019 मध्ये संसदेने मागणी फेटाळली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जून 2021 मध्ये हा भेदभाव ठरवला, आणि डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली. आता त्यांच्या विधीने लागलेलं लग्न कायद्याने धरलं जातं आणि शाळेत त्यांचा धर्म शिकवता येतो. 2021 च्या जनगणनेत 3,917 लोकांनी हा धर्म लिहिला होता. मान्यता मिळाली ती ‘प्राचीन बाल्ट धर्मसमुदाय रोमुवा’ या नावाला, आणि इतकी वर्षं ते याच नावासाठी झगडत होते.