‘डक्ट घरातच असतो, मग त्याला आवरण कशाला?’ : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

टेक्सास, जॉर्जिया, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर उन्हाळा तापू लागला की एक सल्ला फिरू लागतो. त्याचा सारांश असा : हीटिंग-कूलिंगच्या डक्टवर, म्हणजे गार-गरम हवा खोल्यांकडे नेणाऱ्या नळांवर, इन्सुलेशनचे (उष्णतारोधक) आवरण करून घेणे ही कंत्राटदारांची पैसे काढण्याची युक्ती आहे, डक्ट घराच्या आतच असल्यामुळे त्यातून निसटलेली थंडी किंवा ऊब घरातच राहते, कुठे गळत असेल तर डक्ट टेप मारावी, वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट (हवा येण्याची तोंडे) बंद ठेवावेत, आणि इतके करूनही आवरण घातलेच, तर त्यात ओल धरून बुरशी येते. भारतात आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध स्प्लिट एसीशी आलेला असतो. तेथे थंड हवा ज्या खोलीत हवी त्याच खोलीत तयार होते, ती लांबून वाहून आणावी लागत नाही. त्यामुळे हा सल्ला चटकन पटतो आणि पुढे पाठवलाही जातो.

सल्ल्याचा सारा डोलारा ‘घरातच’ या गृहीतकावर उभा आहे, म्हणून आधी तेच तपासू. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बहुसंख्य घरांना तळघर नसते. एअर हँडलर (हवा गार-गरम करून पुढे ढकलणारे यंत्र) आणि डक्ट अनेकदा ॲटिकमध्ये, म्हणजे छप्पर आणि सीलिंग यांच्या मधल्या पोकळीत असतात. ॲटिक घराच्या छपराखाली असले, तरी उष्णतेच्या हिशेबाने ते घराबाहेरच मोडते, कारण घराचे उष्णतारोधक कवच खोल्यांच्या सीलिंगपाशीच संपते. फायबरग्लास किंवा सेल्युलोजचा जाड थर ॲटिकच्या जमिनीवर पसरलेला असतो तो एवढ्याचसाठी. उन्हाळ्यातील दुपारी या ॲटिकचे तापमान १२० ते १५० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ४९ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते; आणि त्यातूनच साधारण ५५ अंश फॅरनहाइटची थंड हवा खोल्यांकडे जात असते.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू (येथून पुढचे सगळे अंश फॅरनहाइटमधले). आठ इंच व्यासाचा, वीस फूट लांबीचा उघडा पत्र्याचा डक्ट १३० अंशांच्या ॲटिकमधून जातो आहे आणि त्यातून मिनिटाला सुमारे १५० घनफूट हवा वाहते आहे. ५५ अंशांवर निघालेली ही हवा खोलीत पोचेपर्यंत सुमारे ६७ अंशांची होते. खोली ७५ अंशांवर ठेवायची असेल, तर २० अंशांच्या उपयुक्त फरकापैकी १२ अंश वाटेतच खर्ची पडले. त्याच डक्टवर आर-८ दर्जाचे आवरण असेल (आर-आकडा जितका मोठा, तितका उष्णतेला रोध जास्त), तर हवा साधारण ५७ अंशांवर पोचते. वाटेत गेलेली थंडी ‘घरातच’ राहिलेली नसते. ती ॲटिकच्या झरोक्यांतून बाहेर जाणाऱ्या हवेला गार करते, आणि त्याचे बिल आपण भरतो. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात हाच प्रकार उलट दिशेने घडतो. गॅस फर्नेसची हवा १२० अंशांच्या आसपास निघते आणि ॲटिक गोठणबिंदूच्याही खाली असते, म्हणजे तापमानांतील तफावत उन्हाळ्यापेक्षाही मोठी ठरते. अमेरिकेतील राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवल्या जाणाऱ्या ऊर्जासंहितेने २०१८ च्या आवृत्तीत ॲटिकमधील तीन इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या डक्टसाठी किमान आर-८ आणि कवचाबाहेरच्या इतर जागांतील तशा डक्टसाठी किमान आर-६ सांगितले होते, ते कंत्राटदारांची सोय पाहून नव्हे.

‘डक्ट घरातच असतो’ या मुद्द्यात तथ्य मुळीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. शिकागोकडच्या किंवा न्यू जर्सीतल्या घरात डक्ट वापरातल्या, उबदार बेसमेंटच्या छताला टांगलेला असेल, किंवा दोन मजल्यांच्या मधून जात असेल, तर तो खरोखरच कवचाच्या आत आहे. संहितेची वरील अट अशा डक्टला लागू होत नाही, आणि तेथे आवरणावर खर्च करण्यापेक्षा सांधे बंद करणे शहाणपणाचे ठरते. सल्ल्याची चूक एवढीच की, एका प्रकारच्या घराला लागू पडणारी गोष्ट तो सगळ्या घरांना लावतो.

आता डक्ट टेप. गळती थांबवली पाहिजे हे खरेच. साधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटी, भोके आणि निसटलेले सांधे यांमुळे वाया जाते, असे अमेरिकेचा ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रम सांगतो. पण या कामासाठी नेमकी टिकत नाही ती हीच, कापडी पाठीची आणि रबरी गोंदाची टेप. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयान वॉकर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस डक्टच्या सांध्यांवर निरनिराळी साधने लावून त्यांना उष्णतेचे आणि थंडीचे हेलकावे दिले, तेव्हा ही टेप सपशेल अपयशी ठरली होती. सांध्यावर ब्रशने लावायचे मॅस्टिक (घट्ट लेप), किंवा डक्टसाठीच्या यूएल १८१ मानकाची फॉइल टेप, हीच खरी साधने होत.

येथे आवरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक चूक दाखवली पाहिजे. फायबरग्लास उष्णता अडवते, हवा अडवत नाही. विणलेल्या स्वेटरमधून वारा जावा तशी सांध्यातली हवा त्यातून पार होते. ॲटिकमध्ये बॅटरी घेऊन चढल्यावर जुन्या आवरणावर ठिकठिकाणी धुरकट काळे पट्टे दिसले, तर ती बहुधा बुरशी नसते. त्या जागी हवा तंतूंतून गाळून निघत असते आणि तिच्यातली धूळ मागे राहते. म्हणून आधी सांधे बंद करायचे आणि मगच आवरण घालायचे, हा क्रम उलटता कामा नये. खोल्यांतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या, म्हणजे परतीच्या डक्टकडे तर सहसा कोणाचेच लक्ष जात नाही. परतीच्या हवेतील दहा टक्के वाटा जरी १३० अंशांच्या ॲटिकमधून ओढला गेला, तरी ७५ अंशांची हवा यंत्रापर्यंत जाताना ८० अंशांच्या वर पोचते. जे यंत्र हवेला जेमतेम २० अंशांनी गार करते, त्याची पाव ताकद अशा रीतीने एका न दिसणाऱ्या फटीपायी जाते.

व्हेंट बंद ठेवण्याच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. नेहमीच्या घरगुती यंत्रणेतला पंखा सगळ्या खोल्यांच्या हिशेबाने बसवलेला असतो. काही तोंडे बंद केली की डक्टमधला दाब वाढतो, फटींतून आणखी हवा निसटते आणि यंत्रातल्या, हवा गार करणाऱ्या कॉइलवरून जाणारी हवा कमी होऊन कॉइलवर बर्फ धरण्याचा धोका उभा राहतो.

बुरशीची भीती मात्र गंभीरपणे घेण्याजोगी आहे, कारण ओला, काळवंडलेला डक्ट अनेकांनी प्रत्यक्ष पाहिलेला असतो. ह्यूस्टनमध्ये उन्हाळ्यात दवबिंदू ७५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्या हवेत त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमणारच, आणि उघडा डक्ट तर ५५ अंशांचा असतो. त्यावर घाम येतो तो आवरण नसल्यामुळे. आवरण असूनही ओल येते, तेव्हा बहुधा आवरणाची बाहेरची फॉइल किंवा प्लास्टिकची बाष्परोधक बाजू फाटलेली असते, तिची शिवण उघडी राहिलेली असते, डक्ट टांगण्याचा पट्टा घट्ट आवळल्यामुळे दोन इंचांचा थर तेथे अर्ध्या इंचावर आलेला असतो, किंवा दोन लवचिक डक्ट एकमेकांना चिकटून पडलेले असतात आणि त्यांच्या मधली जागा थंड राहते. अशा वेळी आवरणच नको म्हणणे हा ‘आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला’ यातला प्रकार झाला. डक्ट ॲटिकच्या इन्सुलेशनखाली पुरायचा असेल, तर धोका खराच वाढतो. म्हणूनच ह्यूस्टन किंवा डॅलससारख्या दमट पट्ट्यांत पूर्णपणे पुरलेल्या थंड हवेच्या डक्टवर, आर-८ ऐवजी, किमान आर-१३ आणि अखंड बाष्परोधक असावे, असे संहितेने २०१८ च्या आवृत्तीत सांगितले.

राहता राहिला कंत्राटदारांवरचा आरोप. सगळे डक्ट उपटून नवे घाला, असे पहिल्याच भेटीत सांगणारे असतात हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय म्हणजे नेमके प्रश्न विचारणे : डक्टच्या गळतीची यंत्राने चाचणी करणार का, कामाच्या आधी आणि नंतर तिचे आकडे लेखी देणार का, सांधे कशाने बंद करणार, आवरणाचा आर-आकडा किती? यांची सरळ उत्तरे न देणाऱ्याला काम देऊ नये. घर १९७० च्या दशकातले किंवा त्याहून जुने असेल आणि पत्र्याच्या सांध्यांवर पांढरट, कागदासारखी पट्टी किंवा आवरण दिसत असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते स्वतः खरवडू किंवा फाडू नये. प्रयोगशाळेतून नमुना तपासून येईपर्यंत आवरणाचे सगळे काम थांबवावे.