सपोर्ट संपला, मशीन चालू आहे. पुढे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे त्याला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे कॉम्प्युटर नेहमीसारखेच सुरू झाले. त्यामुळे 'चालतंय ना, मग कशाला बदलायचं' असं कुणी म्हटलं तर मला त्यात काही गैर वाटत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पासवर्ड-किल्ल्या सुरक्षित ठेवणारी हार्डवेअरमधली सोय) लागतं आणि प्रोसेसर ठरावीक यादीतलाच लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. एसएसडी टाकलेलं, भरपूर रॅम असलेलं धडधाकट मशीन केवळ यादीत नाही म्हणून बाद करायचं, हे मला अजिबात पटत नाही.

पण 'माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय' आणि 'अँटीव्हायरस आहे की' या दोन वाक्यांवर कृपा करून विसंबू नका.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच, म्हणजे सिस्टिममधल्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, काढतं. पॅच आला की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल ताडून पाहतात आणि काय बदललं यावरून मूळ त्रुटी शोधून काढतात. विंडोज १० आणि ११ चा बराचसा कोड सारखाच आहे. म्हणजे ११ मध्ये झालेली दुरुस्ती १० मधल्या त्रुटीचा पत्ताच देऊन जाते, आणि १० मध्ये ती तशीच राहते. पुढच्या महिन्यात त्यात आणखी भर. अँटीव्हायरस ओळखीचा मालवेअर पकडेल, पण सिस्टिममधली त्रुटी बुजवणं त्याच्या हातात नाही.

आणि हल्ला माणूस बघून होतो असंही नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप शिरत होता. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनं रद्द करावी लागली. लोक आजही त्याचं खापर तेव्हा सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीवर फोडतात. प्रत्यक्षात लागण झालेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. त्याचा सपोर्ट चालू होता, पॅच मार्चमध्येच आला होता, फक्त टाकलेला नव्हता. म्हणून तारखेपेक्षा मला पॅच नसण्याची भीती जास्त वाटते.

माझा खरा राग इथे आहे. सपोर्ट संपताना घरगुती वापरकर्त्यांना जादा अपडेट जाहीर झाले ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे. कंपन्यांना मात्र पैसे मोजून तीन वर्षं. म्हणजे पॅच तयार होणारच आहेत! मग ते घरच्या मशीनला नाकारण्यामागे तांत्रिक अडचण कुठली? हार्डवेअर चालतंय तोवर सुरक्षेचे पॅच मिळालेच पाहिजेत, आणि हे कायद्याने बंधनकारक व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे.

तोवर, जादा अपडेट मिळत असतील तर आजच नोंदणी करा. मिळत नसतील तर त्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि ईमेल बंद. एखादं सॉफ्टवेअर फक्त तिथेच चालत असेल तर नेट तोडून खुशाल वापरा. ब्राउझरवरही लक्ष ठेवा, विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीनंतर पुढे गेलंच नाही. बाकीच्यांनी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, जरूर बघावं. आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच चालवून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. अडलात तर कमेंटमध्ये मशीनचं मॉडेल लिहा, मी नक्की उत्तर देईन.