जॉन कॉर्नफर्ड भाडोत्री नव्हता

स्पेनच्या यादवी युद्धाबद्दल, म्हणजे निवडून आलेलं प्रजासत्ताक सरकार आणि बंडखोर सेनापती फ्रँको यांच्यातल्या लढाईबद्दल, एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. म्हणणं असं की, तिथे प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला गेलेले परदेशी तरुण मॉस्कोने पैसे देऊन पाठवलेले भाडोत्री होते, बहुतेक बड्या घरची हौशी पोरं, आणि केंब्रिजचा तरुण कवी जॉन कॉर्नफर्ड हा त्यांचा नमुना. एकविसाव्या वर्षी जीव गमावलेल्या मुलाबद्दल इतकं बेफिकीर लिहिलेलं वाचून गप्प बसवेना.

'मॉस्कोने पाठवलं.' तारखा बघा. कॉर्नफर्ड स्पेनमध्ये पोचला ऑगस्ट 1936 मध्ये. आंतरराष्ट्रीय ब्रिगेड, म्हणजे परदेशी स्वयंसेवकांची फौज, उभारायचं कॉमिन्टर्नने (मॉस्कोतून चालणाऱ्या जागतिक कम्युनिस्ट संघटनेने) ठरवलं ते सप्टेंबरात. तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, उघडपणे होता. पण ईशान्य स्पेनमधल्या अरागॉनच्या आघाडीवर त्याने नाव नोंदवलं ते 'पोऊम' या स्पॅनिश मार्क्सवादी पक्षाच्या पथकात. हा पक्ष स्टालिनचा कडवा टीकाकार. पुढच्याच वर्षी त्याच्यावर बंदी आली आणि त्याचे नेते आंद्रेउ निन यांना स्टालिनच्या हस्तकांनी संपवलं. मॉस्कोने धाडलेला माणूस या पथकात कशाला शिरेल?

'पैशासाठी गेले.' मिलिशियातल्या, म्हणजे अशा स्वयंसेवी पथकांतल्या, शिपायाला रोजचे 10 पेसेता मिळत. ट्रिनिटी कॉलेजात इतिहासात पहिला वर्ग मिळवलेला, पुढच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती हातात असलेला मुलगा तेवढ्यासाठी खंदकात गेला, हे पटण्यासारखं नाही.

'बड्या घरची हौस.' घर मोठं होतं यात वाद नाही. चार्ल्स डार्विन त्याचे पणजोबा, आई फ्रान्सेस कवयित्री, वडील केंब्रिजात ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. पण ब्रिटन आणि आयर्लंडमधून गेलेल्या सुमारे 2,500 जणांत बहुसंख्य खाणकामगार, खलाशी, कारखान्यातले मजूर आणि बेकार होते. त्यांतले 500 हून अधिक परतले नाहीत. आणि हौसच असती, तर ती पहिल्या फेरीत फिटली असती. कॉर्नफर्ड आजारी पडून सप्टेंबरात इंग्लंडला आला होता. ऑक्टोबरात मित्रांना जमवून तो परत गेला, या वेळी आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये. नोव्हेंबरात ही मंडळी माद्रिदच्या विद्यापीठात, तत्त्वज्ञान शाखेच्या इमारतीत, फ्रँकोच्या फौजेसमोर उभी होती. खिडक्यांना आडोसा हवा म्हणून त्यांनी ग्रंथालयातले जाडजूड ग्रंथ रचले. त्यात जर्मन तत्त्वज्ञान होतं, भारतीय दर्शनांवरचे खंडही होते, आणि गोळ्या त्यांतून आरपार जात नव्हत्या. तिथेच आपल्याच बाजूच्या विमानविरोधी तोफेचा गोळा फुटून कॉर्नफर्डच्या डोक्याला जखम झाली. पट्टी बांधलेल्या डोक्यानेच तो पुढच्या मोहिमेवर गेला.

'त्यांना तोफेच्या तोंडी दिलं.' हा एक मुद्दा मला नाकारता येत नाही. दक्षिण स्पेनमधल्या हाएन प्रांतातल्या लोपेरा गावावरचा हल्ला म्हणजे अपुरं प्रशिक्षण, जुनाट शस्त्रं आणि डोक्यावर शत्रूची विमानं. कॉर्नफर्ड तिथेच पडला, 27 किंवा 28 डिसेंबरला. 27 हा त्याचा वाढदिवस. मृतदेह मिळाला नाही. यात दोष आखणी करणाऱ्यांचा आहे. गेलेल्यांना त्यामुळे भाडोत्री कसं म्हणता येईल?

शेवटचं वाक्य तर कहर आहे: 'आपल्या माणसांचा याच्याशी संबंध नाही.' नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, लंडनला शिकायला गेले होते. तिथून ते 'जॉन स्मिथ' या नावाने याच ब्रिगेडमध्ये भरती झाले, 1938 मध्ये पकडले गेले आणि सान पेद्रो दे कार्देन्याच्या छावणीत फ्रँकोचे कैदी होते.