“साध्या पंक्चरला अडीच तास” या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, ठीक आहे, पण “साध्या पंक्चरला अडीच तास आणि १५०० रुपये, पोरांना काम येत नाही, बोल्ट तोडला, वर अ‍ॅलॉयवर ओरखडा” एवढंच वाचून कुणालाही वाटेल की आम्ही सातारच्या हायवेला लुटायलाच बसलोय, म्हणून लिहितोय.

पंक्चरचे १५०च लावलेत, बिल काढून बघा. वेळ गेला तो लॉक बोल्टपायी. तुमच्या पोलोच्या चाकाला पाच बोल्ट, त्यातले चार साधे १७ च्या पान्याचे आणि पाचवा चाक चोरीला जाऊ नये म्हणून वेगळा, डोकं गोल अन् आत फुलासारखी खाच, त्याची चावी नीट बसली तरच फिरतो. तुम्ही डिकीतनं चावी काढून दिलीत तेव्हाच मी तुम्हाला उजेडात नेऊन दाखवली होती, कडा सगळ्या घासून गुळगुळीत, आणि बोल्टच्या खाचेत चकचकीत लोखंडाचा कीस. म्हणजे आधी कुठंतरी कुणीतरी इम्पॅक्ट गननं (झटके देत बोल्ट फिरवणारं मशीन) धडाधड मारलेलं असणार. कोण ते मला माहीत नाही अन् त्यात मला पडायचंही नाही. आमच्या पोरानं चावी हातानं लावली, पहिल्याच जोराला सटकली आणि तो तिथंच थांबून मला हाक मारायला आला. त्याला काम येत नाही म्हणू नका हो, न येणाऱ्यानं अजून चार वेळा मारून उरलीसुरली खाचपण घालवली असती.

“काढायचं सोडून आवळत बसले” असंही लिहिलंय तुम्ही. हो, आवळलेच! बाकीचे चार ढिले केले की सगळा ताण त्या एका बोल्टवर येतो आणि तो जास्तच धरून बसतो, म्हणून गाडी परत खाली टेकवून चारही आवळले, मग त्या लॉक बोल्टवर उलट्या आट्यांचा सॉकेट हातोडीनं ठोकून बसवला. हा सॉकेट उघडायच्या दिशेनं फिरवला की डोक्यात रुततो. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा लांब पाईप लावल्यावर कट्ट करून आवाज आला आणि सुटला, तुम्हीच म्हणालात “सुटला का तुटला?” गॅस लावला असता तर कदाचित लवकर झालं असतं पण अ‍ॅलॉयचा रंग जळाला असता, आणि ड्रिल म्हणाल तर बोल्ट कडक पोलादाचा, बिट नुसतं वर नाचतं. असा काढलेला बोल्ट परत वापरात येत नाही, तो डिकीत ठेवलाय पिशवीत. त्याजागी साधा नवीन टाकला १५० चा, पाचही टॉर्क रेंचनं (जोर मोजून आवळायचा पाना) १२० न्यूटन-मीटरला आवळलेत. काढायची मजुरी १२००, ती हात लावायच्या आधी सांगितली होती आणि ती मी कमी करणार नाही.

आता ओरखडा. तो आमचाच. सॉकेट दुसऱ्यांदा निसटला तेव्हा बोल्टच्या भोकाजवळ लागला, आत टेप लावायला पाहिजे होती, राहिली. तुम्ही तेव्हाच दाखवला असतात तर तेव्हाच बोललो असतो, असो. पुण्यात रिम रिपेरवाल्याकडून करून घ्या, बिल पाठवा, पैसे देतो. आणि “अर्ध्या तासात होईल” असं मी म्हणालो होतो ते पण चुकलं, वहिनी आणि मुलं एवढ्या उन्हात ताटकळली त्याचं वाईट वाटतं.

एक राहिलं, बाकी तीन चाकांत तसलेच बोल्ट अजून आहेत आणि चावी तीच घासलेली. चावीवर नंबर कोरलेला दिसला तर फोटो काढून शोरूमला दाखवा, त्यावरनं नवी मागवता येते. ती आली की चारही चाकांना साधे बोल्ट टाकायचे का लॉकच ठेवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, पण त्या जुन्या चावीला कुणालाही गन लावू देऊ नका.