कानशिलावरची शीर चोळून अर्धांगवायू टळत नाही

गणपतीच्या तोंडावर आमच्या मालवणजवळच्या वाडीच्या ग्रुपवर एक संदेश आला. चाकरमान्यांच्या ग्रुपवरून फिरून तो पुन्हा तीनदा आला. आशय असा: कानासमोर उडणारी शीर थेट मेंदूला रक्त देते, ती रोज खोबरेल तेलाने चोळली की अर्धांगवायू होत नाही, डॉक्टरही हीच शीर मेंदूला जोडतात, पण ती कापली की डोक्याची कातडी सुकते. मी शरीररचना शिकवते, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

‘थेट मेंदूला’ हे मुळातच चूक. मानेतली मोठी धमनी कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास दुभंगते. आतला फाटा कवटीत शिरून मेंदूला आणि डोळ्याला जातो, बाहेरचा चेहऱ्याला आणि डोक्याच्या कातडीला. कानासमोर बोटाला लागते ती या बाहेरच्या फाट्याची शेवटची फांदी. गालाच्या हाडाची कमान ओलांडून ती कानशिलावर येते, मग एक फाटा कपाळाकडे, दुसरा माथ्याकडे. तिच्या आणि मेंदूच्या मध्ये कवटी आहे. ती आधीच मेंदूला रक्त देत असती, तर सर्जनने ती जोडली कशाला असती?

जोडणी खरी आहे. झुरिकमध्ये गाझी याशारगिल यांनी 1967 साली ती पहिल्यांदा केली. जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची ही धमनी कातडीखालून सोडवायची, हाडाला खिडकी पाडायची आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक धमनीला सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवायची. मात्र ती सगळ्यांसाठी नाही. 1377 रुग्णांच्या चाचणीचा निकाल 1985 मध्ये आला: मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या किंवा तुंबलेल्या त्या रुग्णांत या शस्त्रक्रियेने पुढचे झटके कमी झाले नाहीत. आज ती मोयामोयासारख्या (यात मेंदूच्या तळाच्या धमन्या हळूहळू अरुंद होत जातात) निवडक आजारांत करतात.

कातडी सुकण्याचं म्हणाल, तर डोक्याच्या प्रत्येक बाजूला पाच धमन्या येतात, दोन कपाळावरून, एक कानशिलावरून, दोन कानामागून, आणि सगळ्या एकमेकींत मिसळतात. माडाखाली डोकं फुटलेला माणूस पाहिला असेल त्याला हे रक्त ठाऊक आहे. शस्त्रक्रियेनंतर काहींची जखम भरायला त्रास होतो, पण एक धमनी घेतली म्हणून कातडी सहसा मरत नाही.

एक गोष्ट मान्य करते. कपाळावरच्या त्या दोन धमन्या आतल्या फाट्याच्या आहेत. आतला फाटा मानेत तुंबला, तर कधीकधी बाहेरचं रक्त डोळ्याच्या वाटेने उलटं मेंदूकडे वळतं. ही वाट शरीर स्वतः उघडतं. तेल कवटीच्या आत पोहोचत नाही. डोकं चोळून बरं वाटतं, झोप लागते, तेवढ्यासाठी जरूर चोळा.

एवढं पोटतिडकीने लिहिते याला कारण आहे. आमच्या शेजारच्या काकींचं तोंड सकाळी सातला वाकडं झालं, उजवा हात उचलेना. घरचे म्हणाले, “जरा तेल चोळून बघूया, मगे जावया.” दुपारपर्यंत आळीपाळीने कानशील चोळत बसले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आमच्याकडून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जायलाच दोनएक तास मोडतात. काकी तिथे पोहोचल्या तेव्हा अडीच वाजले होते.