पहिलं घर की चौथं?

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवतं ते घर-जमिनीचे दर वाढले आणि घर घेणाऱ्यांची जुनी तक्रार पुन्हा वर आली. मुद्रांक शुल्क सरसकट कमी करा, २०२० सारखी सवलत द्या, ही मागणी इथे इंग्लंडमध्येही पुण्या-मुंबईच्या प्रत्येक फोनवर ऐकू येते. शुल्क जड आहे, यात वादच नाही. सरसकट कपात मात्र मला पटत नाही.

पुण्यात ५० लाखांचा फ्लॅट घेतला की मूळ शुल्क, स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के होतात, म्हणजे साडेतीन लाख. वर नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. बँका कर्ज ठरवताना मुद्रांक शुल्क सहसा घराच्या किमतीत धरत नाहीत, त्यामुळे ती रक्कम साठवलेल्या पैशातूनच जाते. तरुण जोडप्याची काही वर्षांची बचत त्यात संपते. मुंबईत दर ६ टक्के, पण चाळीतून पहिल्यांदा वन बीएचकेत जाणारं कुटुंब आणि समुद्रासमोर चौथा फ्लॅट घेणारा, दोघांना तोच. २०२० मध्ये मुंबईतला दर काही महिने ५ वरून २ टक्क्यांवर आला, तेव्हा १० कोटींच्या घरामागे ३० लाख वाचले आणि ५० लाखांच्या घरामागे दीड लाख. तिजोरीने सोडलेल्या पैशाचा मोठा वाटा कोणाकडे गेला, हे उघड आहे.

इंग्लंडमध्ये हा कर टप्प्याटप्प्याने लागतो. ३ लाख पौंडांचं घर आयुष्यातलं पहिलं असेल तर कर शून्य. राहतं घर विकून दुसरं घेणाऱ्याला त्याच घरावर ५ हजार पौंड. आधीचं घर ठेवून आणखी एक घेतलं तर २० हजार.

आणि इथे आपली माणसं अडकतात. पहिलं घर म्हणजे जगात कुठेही पहिलं. आईवडिलांनी पुण्याच्या फ्लॅटवर मुलाचं नाव घातलेलं असतं, मुलगा ते विसरूनही गेलेला असतो, पण त्या नावामुळे पहिल्या घराची सवलत जाते. त्याच्या हिश्शाची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल तर ५ टक्के जादा करही बसतो. नवराबायकोपैकी एकाच्या नावावर असलं तरी दोघांना धरतात. हा नियम अनेकांना अन्याय वाटतो. त्यांची चिडचिड मला कळते, पण नियमामागचं तत्त्व मला योग्यच वाटतं. सॉलिसिटरने, म्हणजे घरखरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाने, फॉर्म भरायच्या आधी गावाकडचा हिस्सा त्याला स्पष्ट सांगावा, एवढंच सांगेन.

इथली व्यवस्थाही निर्दोष नाही. घर ५ लाख पौंडांच्या वर गेलं की पहिल्या घराची सवलत पूर्णच जाते, आणि लंडनमध्ये ती मर्यादा तोकडी पडते. मुलं बाहेर पडल्यावर मोठं घर सोडून लहान घ्यावं म्हणणारी वयस्कर माणसं कराकडे पाहून जागची हलत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी राहत्या घरावरचा हा कर रद्द करण्याचं आश्वासन दिलं, ते याच रोषावर.

घेणारा कोण, हे विचारून कर लावणं महाराष्ट्राला नवीन नाही. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून १ टक्का सूट आहे. मग पहिल्या घरालाही सूट का देऊ नये? ५० लाखांपर्यंतच्या पहिल्या घराला मूळ शुल्क माफ करावं, पुढच्या किमतीवर टप्प्याने दर लावावा आणि तिसऱ्या-चौथ्या घराकडून जास्त घेऊन तूट भरून काढावी. दस्तावर पॅन क्रमांक असतो, दस्त संगणकावर असतात, त्यामुळे माझं हे पहिलंच घर आहे असं प्रतिज्ञापत्र घेऊन ते पडताळता येईल. खोटं निघालं तर शुल्क दंडासह वसूल करावं.