१९ स्कोअर आला म्हणून पोरगी घरी आणायची?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, 'तुमचं मूल हॉस्टेलवर टिकेल का? मानसशास्त्र काय सांगतं?' सार असं की अबोल आणि हळव्या पोरांचा स्वभाव १८ नंतर बदलत नाही, अशी पोरं टेन्शन आलं की रडतात, मैत्रिणींना सांगत बसतात म्हणून मागे पडतात, काउन्सेलरकडे नेऊ नका रेकॉर्डवर येतं, आणि शेवटी ५ वाक्यांची टेस्ट, २० च्या खाली स्कोअर आला तर मूल धोक्यात. मी असले मेसेज न वाचताच सोडते, पण हा आमच्या मामीने मनावर घेतला, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला असलेल्या मामेबहिणीकडून फोनवरच टेस्ट करून घेतली, १९ आले, आणि आता तिला घरी आणायचं का यावर घरात चर्चा चालू आहे. ऐन सबमिशनच्या आठवड्यात.

तर आधी ती टेस्ट. वाक्यं खरी आहेत, मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली बनवलेल्या लाइफ सॅटिस्फॅक्शनच्या स्केलमधून उचललेली. प्रत्येक वाक्याला १ ते ७, म्हणजे एकूण ५ ते ३५. त्यात २० म्हणजे ना धड समाधानी ना असमाधानी, आणि १५ ते १९ म्हणजे किंचित असमाधानी. किंचित! आणि डिप्रेशन ओळखायला हे स्केल बनवलेलंच नाही. त्यातलं पाचवं वाक्य साधारण असं आहे की आयुष्य परत जगायला मिळालं तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही. आता सेकंड इयरच्या कुठल्या पोरीने याला ७ द्यायचे? निदान ब्रँच तरी बदलली असती ना.

स्वभावाचं म्हणाल तर हो, थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. जी माणसं पटकन काळजीत पडतात ती सरासरी कमी समाधानी असतात आणि बोलकी माणसं थोडी जास्त, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण सरासरीवरून एका पोरीचं भविष्य सांगता येत नाही, आणि अबोल असणं आणि सतत काळजीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेसेजवाल्याने दोन्ही एकाच पिशवीत कोंबल्यात. १८ नंतर स्वभाव फिक्स वगैरे तर सरळ चूक. रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००६ साली आधीच्या अभ्यासांतली ९२ सॅम्पल्स, म्हणजे लोकांचे गट, एकत्र करून पाहिलं तर उलट २० ते ४० या वयातच सगळ्यात जास्त बदल दिसला. पुढे.

माझं डोकं फिरलं ते 'स्ट्राँग मुलं प्रॉब्लेम सोडवतात, कमजोर मुलं रडतात' या वाक्याने. फोकमन आणि लाझारस या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांवरच याचा अभ्यास केलाय, १९८५ चाच. एकाच परीक्षेच्या वेळी त्याच पोरांना तीनदा विचारलं: परीक्षेआधी, पेपर झाल्यावर पण मार्क कळायच्या आधी, आणि मार्क कळल्यावर. जवळपास सगळेच दोन्ही करत होते, अभ्यासाचं नियोजनही आणि मन सांभाळणंही. परीक्षेआधी प्रॉब्लेम सोडवण्यावर भर, आणि मार्कांची वाट बघताना विषय डोक्यातून बाजूला ठेवण्यावर. बरोबरच आहे, पेपर देऊन झाला की तिथे सोडवायला उरतं काय? २०१७ ला मुंबई युनिव्हर्सिटीने पेपर कॉम्प्युटरवर तपासायला घेतले आणि निकाल असे लटकले की ३१ जुलैची डेडलाइन गेली, शेवटी ऑक्टोबरात कुलगुरूंनाच काढलं. तेव्हा त्या पोरांनी कुठला प्रॉब्लेम सोडवायचा होता, स्वतः पेपर तपासायला जायचं होतं का? अशा वेळी मैत्रिणीकडे जाऊन रडणं, पिक्चर टाकणं, झोपणं हाच शहाणपणा. हां, दारू पिऊन पडणं किंवा काही झालंच नाही असं दाखवणं वेगळं, त्याने नुकसानच होतं. पण मैत्रिणीशी बोलणं त्या यादीत टाकणाऱ्याने बहुतेक कधी हॉस्टेलच पाहिलेलं नाही.

आणि काउन्सेलरचं रेकॉर्ड. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, जिवावरचा आहे. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्हे आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि तुम्ही आईबापांना सांगताय की मदत घेऊ नका? २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये कलम २३ गोपनीयतेचंच आहे. आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित काउन्सेलर हवाच. कॉलेजमध्ये जायला संकोच वाटत असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आणि फुकट, मराठीतही बोलतात. मामीला मी हाच नंबर पाठवलाय, पोरीसाठी नाही, तिच्या स्वतःसाठी, कारण या मेसेजनंतर झोप तिचीच उडालीय, पोरगी तिकडे निवांत जर्नल पूर्ण करतेय.